अल्हाम्ब्रा : ग्रानादाच्या टेकडीवरील लाल किल्ल्याचा इतिहास

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात ग्रानादा शहराच्या माथ्यावर अल्हाम्ब्रा हा मध्ययुगीन किल्ला आणि राजवाड्यांचा समूह उभा आहे. युरोपच्या भूमीवरील अखेरच्या मूर राज्याची ही राजधानी. तेराव्या शतकात तिची उभारणी सुरू झाली आणि १४९२ मध्ये ती ख्रिस्ती राजसत्तेच्या हाती गेली. त्यानंतरच्या पाच शतकांत भूकंपाचे धक्के, आग, दारूगोळ्याचा स्फोट, परकीय सैन्याची नासधूस आणि दीर्घकाळची उपेक्षा यांना तोंड देऊन ही वास्तू टिकून राहिली. 'युनेस्को'ने १९८४ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

बाहेरून पाहता अल्हाम्ब्रा हा एक बळकट डोंगरी किल्ला वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला तर तट आणि बुरुजांनी त्याचे जेवढे रक्षण केले, त्याहून अधिक रक्षण तहांनी, खंडणीने आणि नंतरच्या काळात डागडुजीने केल्याचे दिसते. ज्यांनी तो उभारला त्यांच्या वंशजांचे मात्र कोणत्याही तहाने रक्षण केले नाही.

नाव आणि स्थान

आठव्या शतकापासून आयबेरियन द्वीपकल्पात वसलेल्या अरब आणि बर्बर वंशाच्या मुसलमानांना, तसेच धर्मांतर केलेल्या स्थानिकांना युरोपीय लेखक सरसकट 'मूर' म्हणत. त्यांच्या अरबी भाषेत 'अल-हमरा' याचा अर्थ 'लाल रंगाची'. 'अल-कला अल-हमरा', म्हणजे लाल गढी, या नावाचे हे संक्षिप्त रूप होय. दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या नावाचा अर्थही हाच असला, तरी तेथील लाली वालुकाश्माची आहे, तर ग्रानादा येथील लाली टेकडीवरच्या लोहयुक्त तांबड्या मातीची. बांधकाम रात्री मशालींच्या उजेडात चाले आणि त्या उजेडात भिंती लाल दिसत, म्हणून हे नाव पडले, अशीही एक पारंपरिक कथा आहे.

ज्या टेकडीवर किल्ला आहे तिचे नाव सबीका. तिच्या उत्तरेला दार्रो नदीची खोल दरी असून दरीपलीकडे अल्बाइसिन ही जुनी मूर वस्ती आहे. पाठीशी सिएरा नेवाडा पर्वताची हिमाच्छादित शिखरे दिसतात. किल्ल्याचा विस्तार सुमारे ७४० मीटर लांब व जास्तीत जास्त २०५ मीटर रुंद असा आहे. पश्चिम टोकाला 'अल्काझाबा' नावाचा लष्करी बालेकिल्ला, मधल्या भागात सुलतानांचे राजवाडे आणि पूर्वेकडे अधिकारी, कारागीर व सेवकांची वस्ती, अशी त्याची रचना होती. म्हणजे अल्हाम्ब्रा हे तटबंदीच्या आत वसलेले एक लहानसे शहरच होते.

तहातून उभे राहिलेले राज्य

मूर सैन्याने इ.स. ७११ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून स्पेनमध्ये प्रवेश केला. कॉर्डोबा येथील उमय्यद खलिफांची सत्ता १०३१ मध्ये संपली आणि देश लहान लहान राज्यांत विभागला गेला. सबीका टेकडीवरील लाल गढीचा उल्लेख नवव्या शतकापासून आढळतो. परंतु तेव्हा ती केवळ आश्रयाची जागा होती.

१२१२ मध्ये लास नावास दे तोलोसा येथे मूर सैन्याचा मोठा पराभव झाला आणि उत्तरेकडील ख्रिस्ती राज्यांचा मार्ग मोकळा झाला. १२३६ मध्ये कॉर्डोबा, १२३८ मध्ये वालेन्सिया आणि १२४८ मध्ये सेव्हिल अशी एकामागून एक शहरे पडली. या पडझडीच्या काळात आर्होना या गावचा एक सरदार, मुहम्मद इब्न अल-अहमर, याने १२३२ मध्ये स्वतःला सुलतान घोषित केले. पुढे ग्रानादा त्याच्या ताब्यात आले आणि १२३८ मध्ये त्याने सबीका टेकडीवर नवा किल्ला बांधण्याचा आदेश दिला. त्याच्या घराण्यास नस्र घराणे म्हणतात. या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे ग्रानादावर राज्य केले.

हे राज्य युद्ध जिंकून नव्हे, तर तह करून टिकले. १२४६ मध्ये जाएन हे शहर कास्तिलचा राजा तिसरा फर्डिनंड याच्या स्वाधीन करून मुहम्मदाने त्याचे मांडलिकत्व पत्करले, वार्षिक खंडणी मान्य केली आणि दोन वर्षांनी सेव्हिलच्या वेढ्यात त्याला साहाय्यही दिले. म्हणजे एका मुस्लिम शहराच्या पाडावात दुसऱ्या मुस्लिम राजाचा हातभार लागला. 'ईश्वरावाचून कोणी विजेता नाही' या अर्थाचे नस्र घराण्याचे ब्रीद अल्हाम्ब्राच्या भिंतींवर असंख्य वेळा कोरलेले आहे. खंडणी देऊन राज्य राखणाऱ्या घराण्याने हे ब्रीद स्वीकारले होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

टेकडीवर पाणी

उंच टेकडीवर राजधानी वसवावयाची तर पहिला प्रश्न पाण्याचा होता. पहिल्या मुहम्मदाने दार्रो नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे सहा किलोमीटरवर, बांध घालून तेथून डोंगराच्या उताराने एक पाट काढला. स्पॅनिश भाषेत त्यास 'आसेकिया रेआल', म्हणजे राजपाट किंवा शाही कालवा, म्हणतात. उतार इतका बेताचा ठेवला होता की, पाणी आपोआप वाहत किल्ल्याच्या उंचीवर येऊन पोहोचे. तेथून ते हौद, हमामखाने, बागा आणि कारंजी यांना पुरविले जाई. पुढच्या दीडशे वर्षांत अल्हाम्ब्रामध्ये जे काही सुंदर घडले, त्याचा पाया या कालव्याने घातला.

किल्ल्याच्या शेजारील उंचवट्यावर 'हेनेरालिफे' नावाचा उन्हाळी महाल आणि बागा आहेत. हा कालवा त्या बागांच्या मधून जातो. १९५८ मध्ये तेथे आग लागली आणि त्यानंतरच्या उत्खननात मध्ययुगीन बागेची मूळ पातळी व रचना उजेडात आली. आगीने केलेल्या हानीतून इतिहासाला लाभ झाल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण होय.

चौदाव्या शतकाचा वैभवकाळ

आज पर्यटक जे राजवाडे पाहतात, त्यांतील बहुतेक भाग पहिला युसुफ (कारकीर्द १३३३ ते १३५४) आणि त्याचा पुत्र पाचवा मुहम्मद (१३५४ ते १३५९ आणि १३६२ ते १३९१) यांच्या काळातील आहे. युसुफाने १३४८ मध्ये 'न्यायद्वार' हा भव्य दरवाजा बांधला. त्याच्या बाहेरील कमानीवर हाताचा पंजा आणि आतील कमानीवर किल्ली कोरलेली आहे. दरवाजातून आत जाणारा मार्ग वळणे घेत जातो, जेणेकरून शत्रूला सरळ मुसंडी मारता येऊ नये. ४५ मीटर उंचीचा कोमारेस बुरूज आणि त्यातील दरबारमहालही त्याच्याच काळातला. या महालाच्या लाकडी छतात आठ हजारांहून अधिक तुकडे जोडून सात आकाशांची कल्पना साकारली आहे. १३५४ मध्ये ईदच्या दिवशी मशिदीत नमाज पढत असताना एका माथेफिरूने युसुफाचा खून केला.

पाचव्या मुहम्मदालाही १३५९ मध्ये पदच्युत होऊन मोरोक्कोतील फेझ येथे आश्रय घ्यावा लागला. कास्तिलचा राजा पेद्रो याच्या मदतीने तो १३६२ मध्ये परतला. त्यानंतर त्याने 'सिंहांचा महाल' बांधला. त्यातील चौक १२४ सडपातळ संगमरवरी स्तंभांनी वेढलेला असून मध्यभागी बारा सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे कुंड आहे. बाजूच्या 'दोन भगिनींच्या दालना'चे छत पाच हजारांहून अधिक लहान कोनाड्यांनी बनलेले आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या या रचनेस मुकरनस म्हणतात.

या दरबारात विद्वानांचा राबता होता. वजीर इब्न अल-खतीब हा इतिहासकार, कवी आणि वैद्य होता. १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीविषयी लिहिताना, रोग संसर्गाने पसरतो हे अनुभवाने सिद्ध होते, असे मत त्याने मांडले. थोर इतिहासकार इब्न खल्दून काही काळ ग्रानादात होता आणि १३६४ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून तो सेव्हिल येथे पेद्रोच्या भेटीस गेला होता. राजवाड्याच्या भिंतींवर आणि सिंहांच्या कुंडावर इब्न झम्रक या कवीची काव्ये कोरलेली आहेत. पण राजकारण विद्वत्तेला जुमानत नव्हते. इब्न अल-खतीब फेझच्या तुरुंगात मारला गेला. त्या कटात त्याचा शिष्य इब्न झम्रक सामील होता आणि पुढे इब्न झम्रकाचाही खून झाला.

साधी सामग्री, असामान्य कारागिरी

अल्हाम्ब्राच्या वैभवात सोने, रत्ने वा दगडी शिल्पे यांचा वाटा फारसा नाही. तटाच्या आणि बुरुजांच्या भिंती बहुतांशी फळ्यांच्या साच्यात माती, चुना व खडे ठोकून घट्ट केलेल्या आहेत. आतील नक्षी जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली वा साच्यातून काढलेली आहे. भिंतींच्या खालच्या भागावर रंगीत झिलईच्या फरश्यांचे भौमितिक जडावकाम असून छते लाकडाची आहेत. संगमरवर स्तंभ, फरशी आणि कारंजी एवढ्यापुरताच वापरला आहे.

खर्चाच्या दृष्टीने ही सामग्री एका लहान राज्याला परवडणारी होती. पण ती नाजूकही होती. छत गळू लागले की गिलावा फुगतो, पाणी मुरले की मातीची भिंत खचते. त्यामुळे अल्हाम्ब्रा ही एकदा बांधून सोडून द्यावी अशी वास्तू नव्हती. तिला प्रत्येक पिढीत दुरुस्तीची गरज होती, आणि ज्या पिढ्यांनी ती टाळली, त्यांच्या काळात तिची हानी झाली.

२ जानेवारी १४९२

पंधराव्या शतकात नस्र घराण्यात वारसाहक्कावरून सतत कलह चालू राहिले. याउलट कास्तिलची राणी इसाबेला आणि आरागॉनचा राजा फर्डिनंड यांच्या विवाहामुळे दोन मोठी ख्रिस्ती राज्ये एकत्र आली. १४८२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात ग्रानादाचा सुलतान, त्याचा भाऊ आणि त्याचा पुत्र अबू अब्दुल्ला हे आपापसांतच लढत होते. हा अबू अब्दुल्ला, म्हणजेच बारावा मुहम्मद, स्पॅनिश इतिहासात 'बोआब्दिल' या नावाने ओळखला जातो. १४८७ मध्ये मालागा बंदर पडले आणि ग्रानादाचा समुद्रमार्गे मदतीचा मुख्य आधार तुटला. १४९१ मध्ये शत्रूने ग्रानादासमोर सांता फे हे छावणीवजा शहरच वसविले.

२५ नोव्हेंबर १४९१ रोजी शरणागतीचा तह झाला आणि २ जानेवारी १४९२ रोजी बोआब्दिलने अल्हाम्ब्राच्या किल्ल्या स्वाधीन केल्या. किल्ल्यावर अंतिम हल्ला झालाच नाही. त्यामुळे राजवाडे अखंड राहिले. राज्य सोडून जाताना बोआब्दिलने एका खिंडीतून मागे वळून अल्हाम्ब्राकडे पाहिले आणि सुस्कारा टाकला, अशी आख्यायिका आहे. सलमान रश्दी यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मूर्स लास्ट साय' या कादंबरीचे नाव तिच्यावरूनच आले असून त्या कादंबरीचे कथानक प्रामुख्याने कोची आणि मुंबई येथे घडते.

तहाची कलमे आणि त्यांचा शेवट

ग्रानादाच्या तहातील कलमे उदार होती. मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी, मालमत्ता आणि स्वतःचे न्यायाधीश राखण्याची हमी देण्यात आली होती. कोणावरही धर्मांतराची सक्ती होणार नाही, असे लेखी वचन होते. पहिला आर्चबिशप तालावेरा याने मन वळवून धर्मप्रसार करण्याचे धोरण ठेवले. परंतु १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस ग्रानादात आला; सामूहिक बाप्तिस्मे सुरू झाले आणि अरबी ग्रंथांची होळी करण्यात आली. अल्बाइसिनमध्ये उठाव झाला. उठाव करणाऱ्यांनीच तह मोडला, असे कारण पुढे करून १५०२ मध्ये कास्तिलमधील मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांपैकी एकाची निवड करण्यास सांगण्यात आले. तहाचे आयुष्य जेमतेम दहा वर्षांचे ठरले.

ज्यूंना तर तेवढाही अवधी मिळाला नाही. किल्ला ताब्यात आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३१ मार्च १४९२ रोजी, याच अल्हाम्ब्रामधून राजा-राणीने ज्यूंच्या हद्दपारीचे फर्मान काढले. त्यानंतर काही दिवसांतच, १७ एप्रिल रोजी, सांता फे येथे कोलंबसाबरोबर सागरी मोहिमेचा करार झाला. हिंदुस्थान आणि पूर्वेकडील देशांचा पश्चिममार्ग शोधण्याची ही मोहीम कोलंबसाला अमेरिकेच्या किनाऱ्यावर घेऊन गेली.

या फर्मानाचा एक धागा गोवा आणि महाराष्ट्रापर्यंत येतो. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंपैकी अनेकांनी पोर्तुगालमध्ये आश्रय घेतला आणि तेथे त्यांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशाच एका कुटुंबात जन्मलेला वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबारी त्याचे येणे-जाणे होते आणि पोर्तुगीज सत्तेकडून मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. भारतातील औषधी वनस्पतींविषयीचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, धर्मसमीक्षण न्यायालयाने १५६९ मध्ये त्याच्या बहिणीस गोव्यात जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याचे स्वतःचे अवशेषही उकरून जाळण्यात आले. अल्हाम्ब्रामध्ये स्वाक्षरी झालेल्या एका कागदाची झळ ८८ वर्षांनंतरही मांडवीच्या काठी पोहोचली होती.

सम्राटाचा राजवाडा

विजेत्यांना अल्हाम्ब्राचे मोल ठाऊक होते. फर्डिनंड आणि इसाबेला यांनी तेथे मुक्काम केला, मूर कारागिरांकडूनच दुरुस्त्या करून घेतल्या आणि इसाबेलाचे १५०४ मध्ये निधन झाल्यावर तिचे दफनही प्रथम अल्हाम्ब्रामधील मठातच झाले. किल्ल्यातील प्रमुख मशिदीच्या जागी मात्र पुढे चर्च उभे राहिले.

त्यांचा नातू सम्राट पाचवा चार्ल्स याने १५२६ चा उन्हाळा विवाहानंतर येथे घालविला. सिंहांच्या महालाशेजारी वास्तुविशारद पेद्रो माचुका याच्याकडून त्याने इटालियन प्रबोधनकालीन शैलीचा नवा राजवाडा बांधण्यास घेतला. बाहेरून चौकोनी आणि आत वर्तुळाकार अंगण असलेल्या या इमारतीच्या खर्चाचा मोठा भाग मोरिस्कोंकडून, म्हणजे बाप्तिस्मा घ्यावयास लावलेल्या मुसलमानांकडून, वसूल केलेल्या करांतून येत असे. १५६८ मध्ये मोरिस्कोंनी बंड केले तेव्हा पैसा आटला आणि काम थांबले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हद्दपार करण्यात आले. सम्राटाचा राजवाडा सतराव्या शतकात अर्धवट अवस्थेत सोडून देण्यात आला. त्यावर पूर्ण छप्पर चढण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

पडझड आणि पुनरुद्धार

१५९० मध्ये दार्रोच्या काठी दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन राजवाड्यांचे नुकसान झाले. अठराव्या शतकात राजाश्रय कमी झाला. राजमहालांत गरीब कुटुंबे, सैनिक आणि कैदी यांचे वास्तव्य होते. १८१० ते १८१२ या काळात किल्ला नेपोलियनच्या सैन्याच्या ताब्यात होता. माघार घेताना फ्रेंचांनी सुरुंग लावून काही बुरूज उडविले. उरलेल्या सुरुंगांच्या वाती एका स्पॅनिश सैनिकाने विझविल्या, अशी स्थानिक परंपरा सांगते.

१८२९ मध्ये अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग काही आठवडे अल्हाम्ब्रामध्येच राहिला. त्याच्या १८३२ मधील 'टेल्स ऑफ द अल्हाम्ब्रा' या पुस्तकामुळे युरोप-अमेरिकेचे लक्ष या वास्तूकडे वेधले गेले. ब्रिटिश वास्तुविशारद ओवेन जोन्स याने १८४२ ते १८४५ दरम्यान तिचे तपशीलवार आराखडे प्रसिद्ध केले. १८७० मध्ये स्पेनने अल्हाम्ब्राला राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

तथापि, आरंभीची दुरुस्ती कल्पनेवर आधारलेली होती. सिंहांच्या चौकातील एका मंडपावर १८५९ मध्ये मूळ रचनेत नसलेला घुमट चढविण्यात आला होता. १९२३ पासून अल्हाम्ब्राची जबाबदारी सांभाळणारे वास्तुविशारद लिओपोल्दो तोरेस बालबास यांनी जे उपलब्ध आहे ते जपावे, जे नाही ते कल्पनेने घडवू नये, असे तत्त्व स्वीकारले. मोठ्या वादानंतर त्यांनी तो घुमट काढून टाकला आणि मंडपाला उतरते छप्पर दिले. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू होताच त्यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु त्यांचे तत्त्व पुढेही मार्गदर्शक राहिले. डच चित्रकार एशर याने १९२२ आणि १९३६ मध्ये येथील फरश्यांच्या भौमितिक आकृत्यांचा अभ्यास केला आणि त्यातून त्याच्या कलेला नवी दिशा मिळाली.

२००२ मध्ये सिंहांच्या कारंज्याचे संवर्धन हाती घेण्यात आले. बाराही सिंह जागेवरून हलवून स्वच्छ करण्यात आले. प्रत्येक सिंहाचे तोंड, आयाळ आणि ठेवण किंचित वेगळी असल्याचे त्या वेळी स्पष्टपणे दिसून आले. दहा वर्षांनी, २०१२ च्या जुलै महिन्यात, कारंजे पुन्हा वाहू लागले.

आजची स्थिती

अल्हाम्ब्रा हे आज स्पेनमधील सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या स्मारकांपैकी एक आहे. गर्दीमुळे हवेतील ओलावा वाढतो आणि गिलाव्याला धोका पोहोचतो. म्हणून राजवाड्यांत ठराविक वेळेला मर्यादित संख्येनेच प्रवेश दिला जातो आणि तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते. दरीपलीकडील अल्बाइसिन वस्तीचा १९९४ मध्ये जागतिक वारसा स्थळात समावेश झाला. तेथेच २००३ मध्ये एक नवी मशीद सुरू झाली. तिच्या बागेतून समोर अल्हाम्ब्राचा संपूर्ण तट दिसतो.

ज्यूंच्या हद्दपारीचे फर्मान स्पेनने १९६८ मध्ये औपचारिकरीत्या रद्दबातल ठरविले. २०१५ मध्ये हद्दपार ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा विशेष कायदा संमत झाला. त्याखालील अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा झालेला नाही. त्यांच्या पूर्वजांनी कोरलेल्या भिंतींवर आजही कारागीर सुबक ब्रश आणि पट्ट्या घेऊन काम करतात, आणि सुलतान मुहम्मदाने काढलेल्या कालव्याच्या मार्गाने दार्रोचे पाणी अद्याप त्या टेकडीवर येते.